लाल आणि पिवळी एकत्र पिळलीत, तिथंच बॅटरी गळायला लागली

वाचकाचं पत्र:

“नमस्कार. माझ्याकडे २०१३ ची सेकंड हँड वॅगन आर आहे. ऑनलाइन नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओ मागवला. बसवायचे दुकानदाराने दीड हजार सांगितले, म्हणून म्हटलं घरीच बसवू. सोबत आलेला कपलर (वायरींचा प्लग) गाडीच्या कपलरमध्ये जाईना. मग गाडीचा कपलर कापला आणि रंगाला रंग बघून वायरी पिळल्या. स्टिरिओ चालू झाला, पण चावी काढली की घड्याळ, स्टेशनं, ब्लूटूथ सगळं विसरायचा. एका व्हिडिओत बघून लाल आणि पिवळी एकत्र पिळून गाडीच्या एकाच वायरीला जोडल्या. विसरणं थांबलं. पण आता गाडी तीन दिवस उभी राहिली की स्टार्टर नुसता कट्‌कट् करतो. दोनदा धक्का मारून काढली. उतरताना मी बटण दाबून स्टिरिओ बंद करतो, तरीही. शिवाय आवाज पोकळ येतो, बेस गेलाय, आणि एफएमवर खरखर. वडील एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. ते काही बोलत नाहीत, नुसते बघतात. आता दुकानात नेऊ, की माझं मी निस्तरू? – एक वाचक, कराड”

निस्तरा तुमचं तुम्हीच. रविवारची एक सकाळ पुरेल. दीड हजार वाचतील म्हणून सांगत नाही. कुठली वायर कुठे पिळलीय हे आज फक्त तुम्हाला ठाऊक आहे. गर्दीच्या दिवशी दुकानातला पोरगा ते उलगडत बसणार नाही. तुमच्या टेपवर आणखी एक टेपचं वेटोळं चढवेल आणि पुढची गाडी घेईल.

आज रात्री मात्र एक काम करा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर कुठला फ्यूज कशाचा ते छापलेलं असतं. त्यातला रेडिओचा फ्यूज उपटून डॅशबोर्डच्या खणात ठेवा. गाडीतला दिवाही त्यासोबत गेला तर घाबरू नका, काही गाड्यांत दोघांचा फ्यूज एकच असतो. रविवारपर्यंत बॅटरी तरी गळायची थांबेल. आणि दोनदा पार उतरलेली बॅटरी बाजारहाटाच्या फेऱ्यांत भरत नाही. बॅटरीवाल्याकडे रात्रभर सावकाश चार्जिंगला लावा. पूर्ण भरलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली आली की रिकामीच समजा.

आता रोगाकडे येऊ. तो तुमच्या पहिल्याच तक्रारीत सापडतो. व्हिडिओ बघायच्या आधी ती तक्रार घेऊन दोन मिनिटं शांत बसला असतात, तर पुढचं काही झालं नसतं.

स्टिरिओला वीज दोन वाटांनी जाते. पिवळी वायर म्हणजे रोजचं जेवण: बॅटरीतून थेट, चावी असो नसो, बारा व्होल्ट कायम. घड्याळ, स्टेशनं, तुमच्या फोनची ओळख हे सगळं तिच्या जिवावर टिकतं. लाल वायर म्हणजे दारावरची बेल. चावी एसीसीवर, म्हणजे इंजिन चालू होण्याआधीच्या पहिल्या खटक्यावर आली की तिच्यात बारा व्होल्ट येतात आणि स्टिरिओला कळतं, मालक आले, उठा. चावी काढली की बेल थांबते आणि स्टिरिओ झोपतो. झोपेत तो काही मिलिअँपवर भागवतो.

तुमचा स्टिरिओ चालू व्हायचा, पण चावी काढली की सगळं विसरायचा. याचा अर्थ पिवळी गेली होती चावीवरच्या वायरीला आणि लाल गेली होती कायमच्या वायरीला. उलटापालट, बाकी काही नाही. या दोन वायरींची अदलाबदल केली असती तर काम तिथंच संपलं होतं. ही चूक इतकी नेहमीची आहे की बऱ्याच तयार कपलरांवर लाल आणि पिवळ्या वायरीच्या मध्ये ओढून सुटणाऱ्या दोन पिना दिलेल्या असतात, अदलाबदल करता यावी म्हणूनच.

रंगाला रंग जोडला, यात तुमचा हेतू वाईट नव्हता. पण स्टिरिओच्या बाजूचे रंग बहुतेक सगळ्या कंपन्या एकाच रिवाजाने ठेवतात, आणि गाडीच्या बाजूचे रंग प्रत्येक गाडीवाल्याचे स्वतःचे. स्टिरिओची काळी म्हणजे अर्थिंग. गाडीतली काळी काहीही असू शकते. आडनाव एक निघालं म्हणून कुणी सोयरीक जुळवत नाही, उलट आधी चौकशी करतात. तसंच हे.

मग व्हिडिओतला तो उपाय. दोन्ही वायरी कायमच्या बारा व्होल्टला बांधल्या, म्हणजे दारावरची बेल दाबूनच ठेवली. स्टिरिओला वाटतं मालक रात्रंदिवस गाडीतच बसलेत. तुम्ही बटण दाबता तेव्हा पडदा काळा होतो, आतलं अँड्रॉइड जागंच राहतं. या जागरणाचा हिशोब करून बघा. जागा स्टिरिओ नुसता बसून अर्धा अँपिअर ओढतो असं धरू. सोमवारी संध्याकाळी गाडी लावली आणि गुरुवारी संध्याकाळी काढली, म्हणजे ७२ तास. अर्धा गुणिले ७२, झाले ३६ अँपिअर-अवर. अशा छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी असते साधारण ३५ ची. आणि स्टार्टर फिरायला तर ती बऱ्यापैकी भरलेलीच लागते, त्यामुळे कट्‌कट् त्याही आधी सुरू होते. तीन दिवसांचं तुमचं गणित इथं तंतोतंत बसतं.

रविवारी काय करायचं ते सांगतो. एक साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या, तीन-चारशेत मिळतो. पुण्याला येणं झालं तर तपकीर गल्लीत मीटर, हीट श्रिंकच्या (तापवल्या की वायरीवर आवळून बसणाऱ्या) नळ्या, सोल्डर सगळं एका फेरीत होईल, आणि नाना पेठेत तुमच्या गाडीच्या कपलरला बसणारा तयार अडॅप्टर. टेस्टरचा दिवा घेऊन हे काम करू नका. दिवा पेटतो किंवा पेटत नाही, व्होल्ट किती ते सांगत नाही.

स्टिरिओ बाहेर काढा. भोवतीची प्लास्टिकची चौकट स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, चरे पडतात. जुनं एटीएम कार्ड खाचेत घालून कडेकडेने सोडवा. एखादी बाजू अडली तर जोर लावण्याआधी लपलेला स्क्रू शोधा, तो असतोच. निघालेले स्क्रू बर्फाच्या ट्रेमध्ये क्रमाने टाकत जा. आणि काही सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. आपल्याला लक्षात राहील असं प्रत्येकाला वाटतं, दोन तासांनी चार सारखे स्क्रू हातात घेऊन आपण भोकं मोजत असतो.

पिळलेलं सगळं सोडवा. टोकं एकमेकांपासून लांब फाकवा, प्रत्येकावर टेपचा तुकडा. आता रेडिओचा फ्यूज परत बसवा आणि मीटर डीसी २० व्होल्टवर लावा. काळी काडी बॉडीच्या रंग नसलेल्या एखाद्या बोल्टवर धरा आणि लाल काडी गाडीच्या एकेका वायरीवर. एका वेळी एकच टोक उघडं ठेवा. चावी फिरवायला वडिलांना शेजारी बसवा. चावी खिशात असताना जिथं बारा येतात ती कायमची. तिच्यावर मास्किंग टेपची चिठ्ठी लावा: पिवळी. चावी एसीसीवर घेतल्यावर जिथं नव्याने बारा येतात आणि चावी काढल्यावर शून्य होतात, ती लाल. पार्किंग दिवे लावल्यावर जी जिवंत होते ती पडद्याचा उजेड कमी करणारी, स्टिरिओवर ती नारिंगी असते. अर्थिंग मात्र व्होल्ट बघून ठरवू नका. बॅटरीची निगेटिव्ह काढा, मीटर ओहमवर घ्या आणि बॉडीशी जवळजवळ शून्य दाखवणारी वायर शोधा.

बॅटरीचा विषय निघालाय तर सांगतो: जोडणी सुरू करण्याआधी निगेटिव्हच काढायची, १० नंबरच्या पान्याने. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर पान्यातून अख्खी बॅटरी वाहते. निगेटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तरी काही होत नाही.

आता कापलेल्या कपलरबद्दल. तो फेकून दिला नसेल तर तुमचं नशीब. बघा त्याच्या मागे बोटभर वायर शिल्लक आहे का. असेल तर तो जसा होता तसा गाडीच्या वायरीला परत जोडा आणि तयार अडॅप्टर मध्ये घाला. तुम्ही म्हणाल, दुप्पट काम. नाही. गाडीत बसून करायचे सांधे तेवढेच राहतात, फक्त ते स्टिरिओऐवजी गाडीच्या स्वतःच्या कपलरला होतात. स्टिरिओकडचे सांधे मग घरात, टेबलावर, पंख्याखाली. उद्या स्टिरिओ बिघडला किंवा गाडी विकली, तर एक खटका दाबून सगळं सुटेल. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, कपलर कापू नका, अडॅप्टरसाठी चार दिवस थांबा. तुमच्या बाबतीत ही वेळ गेलीय, पण हे वाचणाऱ्या आणखी कुणाच्या हातात आत्ता पक्कड असेल.

सांधा कसा असावा? नुसता पीळ आणि त्यावर काळी टेप म्हणजे एका उन्हाळ्याचा पाहुणा. चैत्र-वैशाखात बंद गाडीचा डॅशबोर्ड इतका तापतो की टेपचा गोंद पाझरतो, टेप केळीच्या सालीसारखी उलगडते, आणि उघडं तांबं शेजारच्या तांब्याला भेटायला मोकळं होतं. सोल्डर करा, जुने कारागीर याला डाख देणं म्हणतात. दोन्ही टोकं दीड सेंटिमीटर सोला, एकमेकांत गुंतवून पिळा, सोल्डरिंग आयर्न खालून लावा आणि सोल्डरची तार वरून. तांबं पुरेसं तापलं की सोल्डर पाण्यासारखी आत शिरते. वर गोळी होऊन बसली तर सांधा थंड राहिलाय, पुन्हा तापवा. आणि हीट श्रिंकची नळी वायरीत आधी ओवा, सोल्डरच्या आधी, आणि सांध्यापासून लांब सरकवून ठेवा. वीस वर्षं हे करतोय, तरी प्रत्येक गाडीत एका तरी वायरीला मी सुंदर सांधा करून मग नळी हातातच असल्याचं बघतो. शेवटी सगळ्या वायरी झिप टायने एका जागी आवळा. सोल्डर केलेली वायर सांध्याच्या काठाशी ताठ होते, हादऱ्याने तिथंच तुटते.

आता बेसचं. याला नवे स्पीकर घेऊ नका, दुकानदार विकायला तयारच असतील. स्टिरिओवर बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या. गाणं भरीव झालं? आता पूर्ण उजवीकडे. तिकडेही भरीव? आणि मध्ये आणलं की पोकळ? मग एका स्पीकरच्या दोन वायरी उलट्या लागल्यात. एका स्पीकरचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. एका बाजूच्या दोन वायरींची अदलाबदल करा, संपलं. मागेही स्पीकर असतील तर हाच खेळ फेडरने पुढे-मागे करा. कुठली वायर कुठल्या स्पीकरची हेच विसरला असाल, तर मीटर ओहमवर घेऊन जोड्या शोधा, जोडी तीन-चार ओहम दाखवते. मग त्या जोडीला घड्याळाचा साधा दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. ज्या दारात ‘टप्प’ वाजेल तो स्पीकर. जाळी काढून बघितलंत तर पडदा हललेलाही दिसेल. तो बाहेर आला तर सेलचा प्लस जिथं टेकवला ती प्लस. ही तपासणी स्टिरिओ सुटा असतानाच करायची.

स्टिरिओच्या बाजूला पांढरी म्हणजे पुढचा डावा स्पीकर, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. प्रत्येकीच्या जोडीला त्याच रंगाची काळी रेघवाली, ती मायनस. इथं एक धोका आहे, आणि तो मी स्वतः पैसे मोजून शिकलोय. कॅसेटचा जमाना होता, माझी पहिली गाडी. काळ्या रेघेच्या चारही वायरी बघून मी हुशारीने म्हटलं, मायनस म्हणजे अर्थिंगच ना, आणि चारी एकत्र पिळून बॉडीला स्क्रूने आवळल्या. चार वायरी डॅशबोर्डच्या मागून ओढायचा त्रास वाचला म्हणून खूशही झालो. पहिलं कडवं संपायच्या आत टेपमधून जळका वास आला आणि दोन स्पीकर कायमचे मुके झाले. या स्टिरिओंमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. प्लस आणि मायनस दोन्हीवर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे सहाएक व्होल्ट उभे असतात. मायनस बॉडीला टेकली की सरळ शॉर्ट. तुमच्या पिळलेल्या वायरींपैकी एखादी अशी कुठं टेकत नाही ना, तेही मीटरने बघून घ्या.

आवाज पुरेसा मोठा नाही अशी पुढची तक्रार येईल म्हणून आधीच सांगतो. खोक्यावर ‘५० वॉट × ४’ छापलेलं असतं, ते लग्नपत्रिकेतल्या मुहूर्तासारखं समजा. १४.४ व्होल्टवर, ४ ओहमच्या स्पीकरला, आत वेगळा व्होल्टेज वाढवणारा सरंजाम नसेल, तर एकेका स्पीकरच्या वाट्याला सलग २० वॉटच्या आसपासच मिळतात. दाराच्या स्पीकरला तेवढे पुष्कळ होतात.

एफएमची खरखर. छतावरच्या अँटेनाच्या बुडाशी कित्येकदा छोटा बूस्टर असतो आणि त्याला वीज लागते. ती स्टिरिओच्या निळ्या वायरीतून जाते. ती तशीच लोंबकळत असेल तर गाडीच्या बाजूला अँटेनासोबत येणारी वायर आहे का बघा, असेल तर जोडा. नसेल तर अँटेनाची जाड पिन पूर्ण आत गेलीय का ते बघा. नऊ इंची पडद्यामागे जागा कमी असते, वायरींचा गठ्ठा दाबताना ती पिन हमखास अर्धी बाहेर येते. मोबाइलचा स्वस्त चार्जरही एफएममध्ये खरखर करतो, तो एकदा काढून ऐका.

स्टिरिओच्या हँडब्रेकला जोडायच्या वायरीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. ती कायमची अर्थिंगला जोडून टाकली की गाडी चालवताना समोर सिनेमा दिसतो, हे सगळे व्हिडिओ शिकवतात. मी शिकवणार नाही. ती हँडब्रेकच्या स्विचलाच जोडा.

नवी गाडी असलेल्यांसाठी एक ओळ. १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या गाड्यांना चालकाची एअरबॅग सक्तीची आहे. तिच्या वायरींवर बहुधा पिवळं आवरण किंवा पिवळा कपलर असतो. स्टिरिओची पिवळी वेगळी, ही पिवळी वेगळी. डॅशबोर्डच्या आत ती दिसली की तिथं मीटरची काडीही लावायची नाही, आणि बॅटरी काढल्यावर काही मिनिटं थांबल्याशिवाय कामाला हात घालायचा नाही.

सगळं जोडून झालं की चौकट लगेच दाबून बसवू नका. स्टिरिओ वायरींवर लटकता ठेवा आणि चावी दोन-चारदा काढून घाला. घड्याळ टिकतंय, चावी काढल्यावर पडदा आपोआप जातोय, बटण न दाबता? मग शेवटचं माप. चावी काढा, दारं लावा, आतला दिवा बंद करा. तो पाच वॉटचा दिवा एकटाच चार दशांश अँपिअर खातो आणि तुम्हाला उगाच घाबरवतो. मीटरची लाल काडी १० अँपिअरच्या भोकात घाला, निगेटिव्ह केबल सोडवा, आणि मीटर केबल आणि बॅटरी यांच्या मध्ये जोडा. अर्धा तास चहा प्या. गाडी आणि स्टिरिओ झोपायला तेवढा वेळ घेतात. मीटर मध्ये असताना स्टार्टर मारू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल किंवा मीटरच जळेल.

आकडा ०.०५ अँपिअरच्या आत आला तर चौकट दाबून बसवा आणि लाल काडी १० अँपिअरच्या भोकातून परत नेहमीच्या भोकात घाला, पुढच्या वेळी व्होल्ट मोजताना तुम्हाला आठवणार नाही. आकडा त्याहून मोठा असेल तर रेडिओचा फ्यूज काढून पुन्हा वाचा. खाली आला तर चोर स्टिरिओत, नाही आला तर गाडीत दुसरीकडे कुठंतरी. दोन्ही आकडे मला कळवा, आणि वडिलांनाही दाखवा. वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस मीटर बघितल्यावर गप्प बसणं अवघड आहे.